जुना स्टिरिओ, नवा डॅक: वाचकांचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न डॅकबद्दलच आलेत म्हणून पूर्ण सदर त्यालाच देतोय. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, सीडी यांच्यात गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं, ॲम्प्लिफायरला मात्र सतत वर-खाली होणारं व्होल्टेज लागतं, आणि आकड्यांचं ते व्होल्टेज करून देणारा भाग म्हणजे डॅक. तो मोबाइलमध्ये, टीव्हीत, लॅपटॉपमध्ये आधीपासून असतोच, आपण बोलतोय ते बाहेरून जोडायच्या वेगळ्या डबीबद्दल.

प्रश्न: वडिलांचा 1980 च्या दशकातला ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे बॉक्स स्पीकर आहेत, दोन्ही चालू आहेत. मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडतो. आवाज बारीक येतो, व्हॉल्यूम खूप फिरवावा लागतो आणि मग मागे सूंऽऽ असा आवाज ऐकू येतो. मित्र म्हणतो पंधरा हजारांचा डॅक घे, सगळं बदलून जाईल. मी जास्त करून शास्त्रीय गायन ऐकतो. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

डॅक घ्या, पण पंधरा हजारांचा नको, आणि घ्यायच्या आधी दोन-तीन गोष्टी फुकटात तपासून बघा.

पहिलं म्हणजे ॲम्पच्या मागे वायर कुठल्या सॉकेटमध्ये लावलीय ते बघा. ऑक्स, ट्यूनर, टेप, सीडी यातलं काहीही चालेल पण फोनो लिहिलंय तिथे अजिबात नाही. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं, त्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणून तिथे तो शंभरेक पट वाढवला जातो आणि वर बेस वाढवून ट्रेबल कापला जातो कारण रेकॉर्ड कापतानाच ते उलटं केलेलं असतं. तिथे मोबाइल लावला तर आवाज फाटका आणि घुमणारा येतो, आणि डॅक लावला तर त्याहून वाईट. तुमच्याकडे आवाज बारीक येतोय म्हणजे बहुतेक फोनोला लावलेलं नाहीये, तरी खात्री करा. ॲम्पवर टेप मॉनिटरचं बटण असेल तर तेही बघून घ्या, टेपला वायर लावली नसताना ते दाबलेलं राहिलं तर काहीच ऐकू येत नाही आणि लोक ॲम्प बिघडला म्हणून दुरुस्तीला घेऊन जातात.

दुसरं, मोबाइलचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त ॲम्पवर करायचं. बरेच जण उलटं करतात. मोबाइलमधलं इक्वलायझर, बेस बूस्ट, सराउंड वगैरे सगळं बंद.

आता मूळ दुखणं. मोबाइलचा हेडफोन सॉकेट साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो, काही तर त्याहून कमी. सीडी प्लेअर आणि वेगळे मिळणारे टेबलावर ठेवायचे डॅक दोन व्होल्टच्या आसपास देतात. म्हणजे डॅक लावला की तोच आवाज मिळवायला तुम्हाला बटण खूप कमी फिरवावं लागेल, आणि बटण कमी फिरलं की ॲम्पच्या आतला तो सूंऽऽ पण तितकाच मागे राहील. तुमच्या केसमध्ये डॅकचा खरा फायदा हा आहे आणि तो तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. "सगळं बदलून जाईल" असं जे मित्र म्हणतोय ते मात्र होणार नाही, कारण आजच्या चांगल्या साध्या डॅकचं डिस्टॉर्शन (आवाजात होणारी बिघाडाची भेसळ) टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजतात आणि स्पीकर खालच्या सुरांत आवाज मोठा केला की सहज एक टक्का, कधी त्याहून जास्त देतो. साखळीत जी कडी सगळ्यात कच्ची आहे तिच्यावर पैसे घालावेत, आणि चाळीस वर्षांच्या सिस्टीममध्ये ती कडी जवळपास नेहमी स्पीकरची असते.

म्हणून माझा सल्ला असा की पैशाचे दोन भाग करा. मोबाइलला यूएसबी-सी असेल तर हजार रुपयांच्या आसपास मिळणारी ॲपलची छोटी यूएसबी-सी ते हेडफोन वायर आहे, तिच्या त्या इवल्याशा पिनमध्ये पूर्ण डॅक बसवलेला असतो आणि मोजमापात तो खरंच फार चांगला आहे. अट एकच, काही अँड्रॉइड मोबाइलवर तिचा आवाज बराच कमी येतो, तेव्हा कोणाकडून तरी मागून आधी लावून बघा. तसं झालं नाही तर तुमचं काम तिथेच भागू शकतं. दोन व्होल्ट देणारी नीट डबी हवी असेल तर फिओ, टॉपिंग, एसएमएसएल अशा कंपन्यांचे पाच ते दहा हजारांतले साधे डॅक पुरेसे आहेत, त्याच्या वर गेलं तर तुम्ही रिमोट, डिस्प्ले, जास्तीची सॉकेट्स यांचे पैसे देताय, आवाजाचे नाही. हे मी ठामपणे म्हणतो.

उरलेले पैसे स्पीकरवर. जाळी काढा आणि मोठ्या स्पीकरच्या कडेची गोल पट्टी बघा. ती फोमची असेल तर बोट लावताच भुगा होईल अशी अवस्था असू शकते, आपल्या दमट हवेत फोम लवकर कुजतो, कोकणात आणि मुंबईत तर जास्तच. रबराची किंवा कापडाची असेल तर सहसा टिकलेली असते. फोम गेला असेल तर पट्टी बदलून मिळते, पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर स्पीकर रिपेअर करणारे सापडतात, नाशिकमध्येही विचारा. ॲम्पचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून घ्या, आणि आतले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असू शकतात ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आणि जागा! स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलेले असतील तर बेस घुमतो आणि गाणाऱ्याचा खर्ज सगळा चिखल होतो. भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, दोघांत जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर बसा, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा. समोरच्या रिकाम्या भिंतीवर जाड पडदा, जमिनीवर सतरंजी. याला शून्य खर्च आहे आणि फरक कुठल्याही डॅकपेक्षा मोठा पडतो.

शास्त्रीय ऐकता म्हणून एक चाचणी सांगतो जी मी सगळ्यांना सांगतो: नुसता तानपुरा लावा. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात जवारीमुळे (तारेला घोडीवर मिळणाऱ्या झणत्कारामुळे) वरच्या स्वरांची एक सतत हलणारी वलयं ऐकू येतात, खर्जाच्या तारेनंतर गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. सिस्टीममध्ये सूंऽऽ, घरघर, ट्वीटर मेलेला, एक बाजू बारीक, असं काहीही असलं की ती वलयं आधी जातात. तबल्याची जोरदार सम ऐकून कोणालाच काही कळत नाही, तिथे सगळं छानच वाटतं. तानपुऱ्यावर मोबाइल थेट आणि डॅक दोन्ही लावून बघा, पण दोघांचा आवाज सारखा करून, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्या कानाला "जास्त चांगला" वाटतो. घरातल्या कोणाला तरी वायर बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा.

आणि हो, रेकॉर्डिंगच जुनं असेल तर डॅकच्या हातात काही नाही. 1930 च्या दशकातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवर मुळातच जे उमटलेलं नाही ते कुठून येणार? त्या तशाच ऐकायच्या आणि त्या तशाही थोर आहेत.

प्रश्न: टीव्हीच्या ऑप्टिकलमधून डॅक आणि तिथून ॲम्प असं जोडलं. काही चॅनलवर आवाज येतो, काही ॲप्सवर एकदम गप्प किंवा कर्रऽऽ असा आवाज. डॅक खराब निघाला का? दुकानदार परत घ्यायला तयार नाही. (एक वाचक, सोलापूर)

डॅक चांगला आहे, दुकानदाराशी भांडू नका. ऑप्टिकल वायरमधून दोन प्रकारचा माल जाऊ शकतो, एक साधा स्टिरिओ पीसीएम आणि दुसरा दाबून बसवलेला डॉल्बी डिजिटल. साध्या डॅकला फक्त पहिला कळतो, दुसरा आला की तो गप्प बसतो किंवा त्या आकड्यांनाच आवाज समजून कर्र करतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट असं काहीतरी असेल, तिथे ऑटो, पासथ्रू किंवा बिटस्ट्रीम असेल तर बदलून पीसीएम करा. सेट-टॉप बॉक्स वेगळा असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही तेच करा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला लवकरच टोचणार आहे म्हणून आत्ताच सांगतो, ऑप्टिकलला बहुतेक टीव्हींचा रिमोट व्हॉल्यूम कमी-जास्त करत नाही. जुन्या ॲम्पला रिमोट नसतो, मग जाहिरात लागली की उठा. ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांनी टीव्हीसाठी घेताना रिमोट आणि व्हॉल्यूम असलेलाच डॅक घ्यावा, इथे ते पैसे अगदी योग्य आहेत. ओठ आणि आवाज मागे-पुढे वाटले तर टीव्हीतच ऑडिओ डिलेचं सेटिंग शोधा.

प्रश्न: लॅपटॉपला यूएसबी डॅक लावला की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येत राहतो, चार्जर काढला की बंद होतो. चार्जरच्या अर्थिंगची पिन काढून टाकली तर चालेल का असं एकाने सुचवलंय. (एक वाचक, कोल्हापूर)

अर्थिंगची पिन काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी नको. ती जीव वाचवायला आहे.

चार्जर काढल्यावर बंद होतं हे तुम्ही बघितलंत ते फार कामाचं झालं. याला ग्राउंड लूप म्हणतात, म्हणजे लॅपटॉप एका रस्त्याने अर्थला जोडलाय, ॲम्प दुसऱ्या रस्त्याने, आणि दोन्हीच्या मध्ये तुमची ऑडिओची वायर, त्या चक्रातून आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा घूं स्पीकरपर्यंत पोचतो. आपल्याकडे बऱ्याचदा ॲम्पला अर्थ मिळतो तो केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या वायरमधून, लोकांच्या ते लक्षातच येत नाही. त्यामुळे ॲम्पला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर एकदा केबलची वायर काढून बघा. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरी येत असेल तर डॅकला ऑप्टिकल इनपुट आहे का बघा, ऑप्टिकलमधून प्रकाश जातो वीज नाही, त्यामुळे हे चक्र मुळातच तुटतं. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. लाल-पांढऱ्या वायरीत लावायचे स्वस्त ट्रान्सफॉर्मरवाले आयसोलेटर शेवटी, कारण त्यातले बरेच बेस खातात.

दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तीही अशीच गळती असते आणि तीही स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकते. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्याच, हा सल्ला गाण्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

प्रश्न: 32 बिट, 768 किलोहर्ट्झ लिहिलेला डॅक घ्यावा की 24 बिट, 192 वाला पुरेल? आणि चिप कुठली चांगली, ईएसएस की एकेएम? (एक वाचक, ठाणे)

दोन्ही पुरून उरतील. सीडी 1982 साली आली ती 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झवर, आणि तो आकडा उगाच नाहीये, माणसाला जास्तीत जास्त 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं (चाळिशीनंतर तेवढंही नाही) आणि तेवढं नीट पकडायला आवाज सेकंदाला त्याच्या दुपटीहून जरा जास्त वेळा मोजावा लागतो. 16 बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण 96 डेसिबलचं अंतर मिळतं, आपल्या रस्त्यावरच्या हॉर्नच्या कल्लोळात घरच्या खोलीत त्यातलं निम्मंसुद्धा वापरलं जात नाही. अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी 2007 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता, हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये सीडीच्या दर्जाला आणून ऐकवायचा आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. बरोबर उत्तरं आली जवळपास निम्मी, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. रेकॉर्डिंग करताना, मिक्सिंग करताना 24 बिटचा उपयोग आहे, तिथे मी वाद घालणार नाही. ऐकताना आकड्यांच्या मागे पळू नका.

चिपचंही तेच, ईएसएस आणि एकेएम या डॅकमधली मुख्य चिप बनवणाऱ्या कंपन्या. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओका इथे एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि चिप मिळेनाशा झाल्या, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी ईएसएस वगैरेंच्या चिपवर नवी मॉडेल्स काढली आणि लोक तितक्याच आनंदाने ऐकत राहिले. चिपभोवतीचं सर्किट, पॉवर सप्लाय, आणि आउटपुटला नीट दोन व्होल्ट मिळतात का, हे जास्त महत्त्वाचं.

तुम्ही कुठून ऐकता ते लिहिलं नाहीये. यूट्यूबवरून किंवा जुन्या 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून ऐकत असाल तर आधी ते बदला. ॲपल म्युझिकवर 2021 पासून लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळलेलं) आहे, आणि घरात सीडी पडून असतील तर त्या फ्लॅकमध्ये (तीही लॉसलेसच फाइल) कॉपी करून ठेवा.

प्रश्न: आईकडे नाट्यसंगीत आणि अभंगांच्या खूप सीडी आहेत, सीडी प्लेअर बंद पडलाय. नवीन फार महाग आहेत. डॅकचा इथे काही उपयोग? (एक वाचक, रत्नागिरी)

फार चांगला उपयोग आहे! घरात किंवा नातेवाइकांकडे कुठेतरी जुना डीव्हीडी प्लेअर पडलेला असेलच, तो काढा. डीव्हीडी प्लेअर सीडी वाजवतो, आणि त्याच्या मागे बऱ्याचदा एक नारिंगी सॉकेट असतं कोॲक्शियल लिहिलेलं, किंवा ऑप्टिकल. तिथून डॅक, डॅकमधून ॲम्प. म्हणजे डिस्क फिरवायचं काम डीव्हीडी प्लेअरचं आणि आवाजाचं काम डॅकचं. नारिंगी सॉकेट दिसायला लाल-पांढऱ्यासारखंच असतं पण ते थेट ॲम्पला लावू नका, त्यातून आकडे येतात. सेटअप मेनूत एसपीडीआयएफ रॉ असेल तर पीसीएम करा, वर टीव्हीबद्दल लिहिलंय तेच कारण. मेनू बघायला एकदा टीव्ही लावावा लागेल, नंतर आईंना प्लेचं बटण दाबलं की झालं, टीव्हीची गरज नाही.

प्लेअर सीडी उचलत नसेल तर आधी लेन्स साफ करून घ्या, तुमच्याकडच्या हवेत लेन्सवर बुरशी येते.

प्रश्न: भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिकडून डॅक आणायला सांगू का? व्होल्टेजचा प्रॉब्लेम होईल का? आणि जुन्या ॲम्पला पाच भोकांचं गोल सॉकेट आहे, त्याला लागेल का? (एक वाचक, पुणे)

यूएसबीवर चालणारा असेल तर व्होल्टेजचा प्रश्नच नाही. वेगळा ॲडॉप्टर असेल तर त्यावर 100-240 लिहिलंय का ते भावाला वाचायला सांगा, फक्त 120 लिहिलं असेल तर इथे लावल्या लावल्या जळेल. तिकडे बिघडला तर वॉरंटीला परत पाठवायचा कसा, हेही धरा, किमतीत फार फरक नसेल तर इथलंच घेतलेलं बरं.

पाच पिनांचं ते सॉकेट डिनचं, जुन्या फिलिप्स आणि युरोपियन पद्धतीच्या सेटवर असायचं. डिन ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर मिळते, तपकीर गल्लीत बघा, नाहीतर कोणीही सोल्डर करून देईल. मात्र ही जुनी इनपुट्स फार नाजूक असतात, पाव व्होल्टच्याही खाली त्यांचं काम भागतं, तिथे दोन व्होल्ट आले की बटण जरा हलवलं तरी घर दणाणतं आणि सुरुवातीच्या त्या थोड्याशा भागात डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही. तेव्हा व्हॉल्यूम असलेला डॅक घ्या आणि तो दहा-पंधरा डेसिबल खाली ठेवून द्या. मोबाइलचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा असं मी नाशिकच्या वाचकांना सांगितलं, तुमच्याकडे उलटं आहे, सिग्नल कमी नाही तर जास्त आहे. पहिल्यांदा लावताना ॲम्पचं बटण शून्यावर ठेवून मगच चालू करा, जुन्या स्पीकरचे कोन (म्हणजे आतले हलणारे पडदे) एका धक्क्यात जातात आणि त्या मापाचे परत मिळत नाहीत.